एका पायावर दहा उड्या

बाळांनो, गाळात रुतलेला पाय बाहेर ओढताना एक आवाज होतो. फार वर्षांपूर्वी मी तो ऐकला होता; आमचे वासरू तळ्यात अडकले होते. ते निघाले. ही गोष्ट मात्र न निघालेल्या पाडसाची आहे, म्हणून सावकाश सांगतो.

दूरच्या एका जंगलात एकच तळे होते. उन्हाळ्यात पाणी मागे सरले आणि काठापासून पाण्यापर्यंत नुसता गाळ उरला. त्यातून जायला एक चिंचोळा, टणक पट्टा तेवढा होता. तिथे एक हरिणी राहत असे. तिच्या दोन पाडसांपैकी एक त्या पट्ट्यावरून घसरले आणि गाळाने ते परत दिले नाही. हरिणी सगळ्यांना म्हणाली, "पाण्याला येताना प्रत्येकाने एक दगड आणून टाका. आठ दिवसांत वाट रुंद होईल. माझं एकच पिल्लू उरलंय हो."

माकडाचे डोळे भरून आले. ते खरोखरच हळवे होते. "ताई, आधी हे अख्ख्या जंगलाला कळायला हवं," ते म्हणाले. "कपाळाला तळ्याचा गाळ फासायचा, एका पायावर दहा उड्या मारायच्या आणि आणखी तिघांना आव्हान द्यायचं. बघा कसं पसरतं ते!"

"आणि दगड?" हरिणीने विचारले.

"येतील की! आधी कळू तर द्या."

दोन दिवसांत खरेच सगळीकडे पसरले. डोंगरापलीकडचे प्राणीसुद्धा आले. गाळाच्या मधोमध मारलेल्या उड्यांना जास्त वाहवा मिळे. पण बुडायची भीती, म्हणून जो तो त्या टणक पट्ट्यावरच नाचू लागला. "अस्वलदादा, ही उडी म्हणायची की भूकंप?" कोल्हा चिडवी. "सहाव्या उडीला आडवा झालास, तू नको बोलूस!" अस्वल म्हणे. हे कशासाठी चाललेय, असे कोणी विचारलेच तर उत्तर सर्वांना पाठ होते, "बिचाऱ्या पाडसासाठी." दगड मात्र एकानेही आणला नाही. हरिणी एकटीच नाकाने गोटे ढकलत होती.

पाचव्या दिवशी भर दुपारी तिचे तहानलेले पाडस पाण्याकडे निघाले. पट्टा आता पट्टा राहिलाच नव्हता. इतक्या पायांनी तुडवून तोही गाळ झाला होता. पाडस पोटापर्यंत रुतले.

"धावा! एखादी फांदी टाका!" हरिणी ओरडली.

पट्टा खचल्यामुळे आता काठावर अस्वलाच्या उड्या चालल्या होत्या. "थांबा, आठ झाल्या... दोनच राहिल्या," ते धापा टाकत म्हणाले. सगळे मोजत होते. दहा झाल्यावर त्यांनी वळून पाहिले, तेव्हा गाळावर दोन कान दिसत होते. मग तेही दिसेनात.

माकड हरिणीजवळ आले. त्याच्या कपाळावर गाळ होता आणि गालांवर आसवे. "ताई, धीर धरा," ते म्हणाले. "आता याच्यासाठी वीस उड्या ठेवू. या वेळी थेट समुद्रापर्यंत पोचवतो बघा."

हरिणीने त्याच्या कपाळाकडे एकदा पाहिले. मग ती वळली आणि काठ चढून निघून गेली.

तात्पर्य : दुसऱ्याचे दुःख दूरवर पोचवले, म्हणून त्याच्यापर्यंत मदत पोचत नाही. त्याने जे मागितले असेल, ते आधी द्यावे.