तीन घड्या सोसणारी पुस्तके

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा एक सहायक ग्रंथपाल नव्याने रुजू झाली. नाव हेमांगी. कामाला वाघ आणि स्वभावाने इतकी शिस्तीची, की स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरही तिने ‘मीठ’ अशी चिठ्ठी डकवलेली. ग्रंथालयातली जीर्ण पुस्तके नऊ हजारांच्या घरात होती आणि ती दुरुस्त करणारे बाइंडर होते एकटे जिनगरकाका. तेही वर्षभरात निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या जागी कुणी येईल याची खुद्द विद्यापीठालाही खात्री नव्हती. रोज दोन पुस्तके धरली तरी वर्षाकाठी पाचशे होणार. ती पाचशे कोणती, हे ठरवणारा आराखडा करण्याचे काम हेमांगीकडे आले. बाकीच्यांचे काय होणार, हे सगळ्यांना कळत होते.

तीन महिने खपून तिने तो केला. निकष अगदी स्वच्छ होता: ग्रंथ जितका जुना, तितका त्याचा क्रमांक वर. अग्रभागी तीनशे वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या, त्यामागून जुने शिळाछाप ग्रंथ आणि तळाशी, जागा उरलीच तर, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची किरकोळ छपाई. आराखडा शुक्रवारी समितीपुढे जायचा होता. त्याआधी, मंगळवारी, तिने तो सरांपुढे ठेवला.

सर म्हणजे तिथले निवृत्त ग्रंथपाल. चाळीस वर्षे त्यांनी हे ग्रंथालय सांभाळले होते आणि अजूनही दर मंगळवारी डबा घेऊन यायचे. हेमांगी त्यांना गुरू मानत असे. खरे सांगायचे तर ती सल्ल्यासाठी गेलीच नव्हती, शाबासकीसाठी गेली होती.

सरांनी यादी शेवटपर्यंत वाचली. “समास छान सोडलेयस,” ते म्हणाले. “आता यातलं पहिलं आणि शेवटचं, दोन्ही घेऊन ये बघू.”

पहिली होती लाल फडक्यात बांधलेली पोथी. शेवटचे होते एका तालुक्याच्या विणकर संघाचे १९५६ सालचे मासिक. सरांनी पोथी सोडली, तिचे अखेरचे कोरे पान पुढे घेतले आणि अंगठ्याने त्याच्या कोपऱ्याला सरळ घडी घातली.

हेमांगीने पोथी वाचवायला हात पुढे केला. पानाचा कोपरा मुडपला म्हणून भल्याभल्या प्राध्यापकांना सुनावणारा हा माणूस.

“सर, अहो, काय करताय?”

“मोज.” त्यांनी तोच कोपरा मागे दुमडला, मग पुन्हा पुढे. दहा घड्या झाल्यावर त्यांनी बोटाने तो सपाट केला. पान जसेच्या तसे होते. “आता हे मासिक. कोरा कोपरा बघून तू घाल.”

तिने भीतभीत एक घडी घातली. दुसरी घालायला गेली, तो कोपरा पापडासारखा तुटून तिच्या हातात आला.

“मोडलं माझ्या हातून,” ती ओशाळून म्हणाली.

“तुझ्या हातून नाही. पोथीचा कागद चिंध्या कुटून हातानं केलेला. कोरडी जागा नि स्वच्छ फडकं दिलंस तर तो आपल्या पतवंडांनाही पुरून उरेल. हा लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. यातलं आम्ल यालाच रोज थोडं थोडं खातंय. तू यादी केलीस ती मानाप्रमाणं. पंगतीला ते ठीक आहे. दवाखान्यात मात्र दुखणं बघून आत घेतात.”

तीन महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडलेले पाहून हेमांगीला फार वाईट वाटले. पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. “मग यादी उलटी करते. सगळ्यांत ठिसूळ ते पहिलं. एका संध्याकाळचं काम आहे.”

सर मनापासून हसले. “हे मासिक काकांकडे शिवायला दे. ते काय म्हणतात तेवढं मला येऊन सांग.”

जिनगरकाकांनी नखाने एक पान उचलून पाहिले आणि अलगद खाली ठेवले. “मॅडम, ह्याला सुई लावली तर भोकाभोकाला फाटंल. ह्याचे फोटो काढून घ्या आन् डब्यात नीट ठेवा. माझ्याकडं आणायची ती अजून सुई सोसणारी.”

ती परत आली तेव्हा सर डबा उघडून बसले होते. थालीपिठाचा अर्धा तुकडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला. “काकांचं एक वर्ष आहे आपल्याकडं. ज्याचं बरं चाललंय त्याला ते नको. जे सुईच्या पलीकडं गेलं, त्याचा मजकूर वाचव, काकांचे हात त्यात अडकवू नकोस. मधे पुस्तकांची एक मोठी गप्प मंडळी आहे, तीन-चार घड्या सोसणारी. आज हात लागला तर ती तरतील, पाच वर्षांनी नाही. बघायला गेलं तर ती बरी दिसतात, म्हणून कुणाच्याच यादीत येत नाहीत.”

 हेमांगी थालीपीठ संपवून उठली.

शुक्रवारी तिने समितीला आपला आराखडा चुकल्याचे सांगितले आणि एक महिना मागून घेतला. सांगताना कान लाल झाले, पण सांगितले. मग ती मांडण्यामांडण्यांतून हिंडली, फळीफळीवरचे एकेक पुस्तक काढून कोरा कोपरा दुमडत, आकडे लिहीत. तीन घड्यांची मंडळी खरोखरच निघाली: विहीर खणण्याची माहितीपुस्तके, गावोगावच्या हौशी नाटकांच्या संहिता, सुईणींसाठी छापलेल्या सूचना. ती उघडताना तिला मजाच वाटू लागली.

नवा आराखडा मंजूर झाला. पोथ्यांना नुसती नवी फडकी मिळाली म्हणून एक सदस्य कुरकुरले, तेवढेच.

काकांच्या टेबलावर पहिले आले विहिरींवरचे एक पातळ पुस्तक. त्यांनी मागचा शिक्का पाहिला. बावीस वर्षांत ते कुणी नेले नव्हते.

“मॅडम, हे कुणी मागितलंय का?”

“अजून नाही, काका.”

काकांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवला. हेमांगीने शेजारचे स्टूल ओढले, यादीतले दुसरे पुस्तक मांडीवर घेतले आणि म्हणाली, “जुनी शिवण कुठून उसवायची, ते मला दाखवता?”