झोपेचा मुद्देमाल

भिवरा बुरडीण भर दरबारात म्हणाली की तिच्या घरच्या चोरीचा माल अजून पुरता मिळालेला नाही, आणि कोतवाल हैबतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कालच तर त्यांनी मिशीला पीळ देत महाराजांना सांगितलं होतं, चोरी मिटली, माल सापडला, बाईला पोचता झाला!

पोचता झाला होता हे खरं. चोरानं भिवराच्या घराची कुडाची भिंत फोडून एक तांब्या नेला होता आणि झोपलेल्या राहीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या पायातले वाळे काढून नेले होते. हैबतरावांनी आणून दिलेल्या तांब्यावर ‘चि. काशीस मामाकडून’ असं कोरलेलं होतं. भिवराच्या सात पिढ्यांत कुणी काशी नव्हती. आणि वाळे एवढे मोठे, की म्हशीला झाले असते. तेही तिनं गुपचूप घेतलं असतं. पण त्या दिवसापासून राही डोळ्याला डोळा लावत नव्हती. पायाला कुणाचा तरी हात लागला, एवढंच तिला आठवत होतं. आता ती पाय पोटाशी घेऊन बसून राहायची आणि उंदीर खुडबुडला तरी आईला घट्ट धरायची. पोरीचे डोळे खोल गेले होते. ते पाहून भिवराच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

राजा गंभीरसिंगांना कधी कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “काय राहिलं?”

“माज्या पोरीची झोप राह्यली, म्हाराज. चोरानं नेली ती आलीच न्हाई.”

दरबार खदखदून हसला. हैबतराव तर पोट धरून हसले आणि विचारू लागले, झोपेचा रंग कसा होता, काठ होते का, कुणाला गहाण तर नव्हती टाकली? महाराजांना मात्र राग आला. त्यांच्या राज्यात चोरीची प्रत्येक वस्तू परत मिळते, असं ते चारचौघांत अभिमानानं सांगत. एका बुरडिणीनं त्यांचा शब्द खोटा पाडावा?

“ठीक आहे,” ते म्हणाले. “ज्याच्याकडे चोरीचा माल सापडेल तो चोर, मग तो कुणीही असो, असा आमचा कायदा आहे. उद्या मावळतीच्या आत ती झोप कुणाकडे आहे ते दाखव. नाही दाखवलीस, तर दरबाराची थट्टा केली म्हणून पोरीसकट गाव सोडायचं.”

रागाच्या भरात बोलून बसले, असं घरी येताना भिवराला वाटलं. आता या पोरीला घेऊन जायचं कुठे? तिचं घर कोतवालीच्या अगदी समोर होतं. दाराशी येऊन ती टेकली, तर समोरून घोरण्याचा आवाज येत होता. ती ऐकत राहिली. मग पदराला डोळे पुसून उठली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती राहीला घेऊन राजवाड्यावर गेली आणि महाराजांना म्हणाली, माल सापडला, पण तो हलवता येत नाही, आपणच चलावं. बाई तोंडघशी पडते कशी, हे पाहायला महाराज निघाले. मागून सगळा दरबार निघाला.

कोतवालीत नक्षीच्या सरकारी पलंगावर हैबतराव तोंड उघडं टाकून पसरले होते. खाली शिपाई आडवेतिडवे पडले होते. महाराज खाकरले. कुणी हललं नाही.

“आये, ही माणसं मेली का गं?” राहीनं विचारलं.

त्या आवाजानं हैबतराव उठले आणि महाराजांना पाहून पगडी शोधू लागले. रात्रभर जागून पहारा करतो, म्हणून दिवसा जरा पाठ टेकली, असं ते हात जोडून सांगू लागले.

“खरंच की,” भिवरा म्हणाली. “रातभर जागता. मग माजं घर तर ह्ये समोर. चोर कूड फोडत होता तवा तुमी बघितलंच असंल. बघून सोडला व्हय त्याला?”

चोराला सोडणाऱ्याची शिक्षा हैबतरावांना पाठ होती. ते चाचरत म्हणाले, “त्या... त्या रात्री तेवढा जरासा डोळा लागला होता.”

“रोजच लागतो, महाराज,” एक शिपाई अर्धवट झोपेत बोलून गेला.

भिवरानं महाराजांपुढे हात जोडले. “म्हाराज, देवानं मानसाला एकच झोप दिलीया. कोतवालसाहेबांकडं दोन घावल्या. दिसाची एक आनि रातीची एक. एक त्यांची असंल. दुसरी कुनाची?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. आता बाईची धडगत नाही, असं साऱ्यांना वाटलं, आणि गंभीरसिंग महाराज इतके हसले की त्यांना पलंगाचा खांब धरावा लागला!

“मुद्देमालासकट पकडलास की गं!” डोळे पुसत ते म्हणाले. आजपासून हैबतरावांनी रात्रभर भिवराच्या घराभोवती काठी आपटत फिरायचं, आणि राही पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही, असा हुकूम सुटला. राहीला राजवाड्यातून चांदीचे वाळे मिळाले. तुला काय हवं, असं महाराजांनी भिवराला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “माल ज्यात दडवला हुता, त्यो पलंगबी जप्त करावा.”

शिपायांनी पुढचे खूर धरले, हैबतरावांनी मागचे. राहीला वर बसवलं. सारा बाजार दुकानं सोडून पाहायला आला. एवढ्या गलक्यात रस्ता ओलांडेपर्यंत राही कलंडली आणि पाय लांब पसरून गाढ झोपली.

“हळू, कोतवालसाहेब,” भिवरा म्हणाली. “चोरीचा माल परत मिळालाय. सांडू नगा.”