वाघ घरी नेणारा कुंभार

फार पूर्वी, उगवतीच्या समुद्रातल्या एका बेटावर एक कुंभार राहत होता. हाताला कसब होतं, पण स्वभाव इतका भिडस्त की बाजारात कोणीही यावं आणि टपली मारून जावं. लोक मडकं वाजवून बघत, उगाच नाक मुरडत आणि पडेल भावात घेऊन जात. कुंभार ब्र काढत नसे. मऊ लागलं म्हणून सगळे कोपरानं खणत राहिले आणि याची पाठ वाकत गेली.

त्याच बेटावर एक म्हातारी रिकाम्या हातांनी लढायची विद्या शिकवत असे. या विद्येला आज आपण कराटे म्हणतो. म्हातारीनं प्राण्यांकडे बघून चाली बसवल्या होत्या. बगळ्याच्या चालीत एका पायावर उभं राहायचं, त्यानं तोल येई आणि मनाची घाई कमी होई. सापाच्या चालीनं कंबर सैल होई, श्वास लांब होई. वाघाच्या चालीत पाय रुतवून, पंजे ताणून पोटातून आवाज काढायचा. त्यानं पाठ सरळ होई आणि भीती पळे. चाल कोणतीही असो, शेवट एकच होता. टाचा जुळवायच्या, तळहात उघडे करायचे, श्वास सोडायचा आणि अंगात आलेल्या प्राण्याला मनात म्हणायचं, जा आता, आपल्या रानात जा.

कुंभार तिच्याकडे शिकायला जाऊ लागला. त्यानं वाघ धरला आणि वाघानं त्याला. खांदे रुंद झाले, आवाज छातीतून येऊ लागला, तो नजर वर करून भाव सांगू लागला. तेवढं चांगलंच झालं, खोटं कशाला बोला? पण शेवटचं ते तळहात उघडून उभं राहणं त्याला पोरखेळ वाटे. एवढ्या कष्टानं आलेला वाघ हाकलायचा कशाला, असं म्हणून तो तसाच घरी जाई.

घरी बायको जपून बोलू लागली. शेजाऱ्यांनी थट्टा सोडली. आपला मान वाढला असं वाटून कुंभाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला एक लहान मुलगी होती. पूर्वी ती त्याच्या चाकाशी बसून मातीच्या चिमण्या करी आणि बडबड करून त्याचं डोकं उठवी. आता तो आला की ती मुकाट्यानं आत जाई. पोरगी शहाणी झाली, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगे. स्वतःला फसवायला माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही.

काळ्या पट्ट्याच्या परीक्षेचा दिवस आला. म्हातारीची रीत जगावेगळी होती. चाल करून झाली की शिष्याच्या घरातल्या सगळ्यात लहान माणसानं त्याला पाणी नेऊन द्यायचं, आणि मगच पट्टा बांधायचा. कुंभाराला ही म्हातारीची हौस वाटली.

त्या दिवशी त्यानं वाघ असा उभा केला की बघायला ओट्यावर बसलेली माणसं मागे सरकली. मग म्हातारीनं मुलीच्या हातात पाण्याचा वाडगा दिला. ती दोन पावलं आली आणि थांबली. आईनं मागून समजावलं, बाबाच आहेत ते. मुलगी पुढे जाईना. लोक कुजबुजू लागले.

‘ये इकडे’ हे शब्द कुंभाराच्या जिभेवर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर ती निमूट आली असती आणि पट्टा कमरेला बसला असता. त्यानं तोंड उघडलं, आणि मुलीकडे नीट बघितलं. ती रडत नव्हती, हलत नव्हती, श्वाससुद्धा धरून होती. रानात वाघाची चाहूल लागली की ससा असाच गोठतो.

तो खाली बसला. “राहू दे पाणी, बाळ. आईकडे जा,” तो म्हणाला. मग म्हातारीपुढे त्यानं हात जोडले. “बाई, मला पट्टा नको. मी माझ्याच घरात जनावर सोडलंय.”

म्हातारीनं पट्टा पेटीत परत ठेवला. रागावली नाही. “वाघ बोलावणं सोपं असतं रे,” ती म्हणाली. “भ्यालेल्या माणसाकडे तो आपणहून येतो. त्याला परत पाठवायला मात्र आतला माणूस जागेवर असावा लागतो.”

त्या दिवसापासून कुंभार रोज संध्याकाळी अंगणाच्या फाटकाशी तळहात उघडून उभा राही आणि मग आत येई. बाजारात त्याची पाठ आता वाकत नसे, भावही तो सोडत नसे. पण मुलगी लपायची ती लपतच राहिली. त्यानं तिला हाक मारली नाही. जे घालवायला महिने लागले, ते एका दिवसात कसं परत येणार?

एका दुपारी मुलगी अंगणात धावताना दगडाला ठेचकाळून पडली, गुडघा सोलवटला. तिनं भोकाड पसरलं. आई जवळच भट्टीपाशी होती. मुलगी तिला ओलांडून थेट चाकाकडे धावली आणि बापाच्या चिखलानं माखलेल्या छातीवर डोकं आपटून दगडाची तक्रार सांगू लागली. आरडाओरडा ऐकून शेजारीण आली आणि पोर एवढं का रडतंय म्हणून विचारू लागली.

कुंभाराचे डोळे भरून आले होते. “रडू द्या, वहिनी,” तो म्हणाला. “किती दिवसांनी रडतेय माझ्यापाशी.”

तात्पर्य: अंगात बळ जरूर आणावं, पण घरातलं सगळ्यात लहान माणूस आपल्याजवळ मोकळं रडू शकत नसेल, तर ते बळ अजून आपल्या ताब्यात नाही असं समजावं.