दोनशे अकरा नावं

"भन्तेजी, माणूस मेल्यावर त्यानं घेऊन ठेवलेल्या नावांचं काय होते?"

हा प्रश्न मी बँकेत विचारला होता. तिथला माणूस फॉर्म शोधायला लागला आणि शोधतच राहिला. कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारला, त्यांनी चष्मा पुसला. मामाला विचारला. मामा म्हणाला, "चहा घे."

म्हणून मी विहारात गेलो.

पवनीच्या बाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमचं लहानसं विहार आहे. तिथे भन्ते सुमेध एकटे राहतात. वय सत्तरच्या पुढे. चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी ते वीज मंडळात लाइनमन होते. सकाळचे दहा वाजले होते आणि ते अंगण झाडत होते.

"कोणती नावं?" त्यांनी विचारलं.

"इंटरनेटवरची. डोमेन म्हणतात. एखाद्या दुकानाचं नाव आपण आधी घेऊन ठेवायचं. मग दुकानदाराले ते लागलं, तर आपल्याकडूनच विकत घ्यावं लागते. माझ्या भावानं दोनशे अकरा घेऊन ठेवली होती."

"म्हणजे विकत घेतली."

"वर्षाच्या बोलीनं. दरवर्षी पैसे भरा. नाही भरले, तर नाव सुटते."

"मग भाड्यानं घेतली."

"...भाड्यानं."

"अन् दुकानदार आले?"

"नाही."

भन्तेजी झाडत राहिले.

मी पायरीवर बसलो. महिनाभर आत साठलेलं होतं, ते सांगत सुटलो.

माझा भाऊ सुगत गणवीर. पेंटर. पवनीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. मी त्याचा धाकटा. आठवीत शाळा सोडली आणि त्याच्या मागे लागलो. तो अक्षरं काढायचा, मी आत रंग भरायचो.

मग फ्लेक्स आला. पाट्या छापून मिळायला लागल्या. भाऊनं कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथे त्यानं एक व्हिडिओ पाहिला. कुठल्या तरी माणसानं एक नाव आठशे रुपयांत घेतलं होतं आणि दोन लाखांत विकलं होतं.

"भाऊ मले म्हणाला, या गावातल्या दुकानांची नावं माझ्याइतकी कोणाले पाठ आहेत?"

"खरं होतं," भन्तेजी म्हणाले.

"खरंच होतं. त्यानंच तर लिहिली होती."

भाऊचा हिशोब पेंटरचा होता. पाटीचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. मग दुकानदार आपल्या पायानं येतो. त्याला बोलवावं लागत नाही. भाऊला वाटलं, इथेही तसंच. ज्यानं नाव लिहिलं, त्याच्याकडे माणूस परत येतो.

पण पाटीचे पैसे दुकानदार द्यायचा. इथे आम्ही देत होतो. रंग त्यांचा उडायचा, इथे पैसा आमचा उडत होता.

"एक तरी विकलं?"

"पहिलंच. शिकवणीवाल्या सरांनी सहा हजारांत घेतलं. भाऊ किलोभर बालुशाही घेऊन घरी आला. वहिनी हसून म्हणाली, आता पेंटरीणबाई म्हणू नका मले, शेठाणी म्हणा."

...

"ते विकलं नसतं, तर बरं झालं असतं, भन्तेजी. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं एकदम साठ नावं घेतली. मीच म्हणालो, घे. कमी कायले घेतं?"

भन्तेजींनी पाचोळ्याचा ढीग केला आणि तो टोपल्यात भरायला लागले. मी उठून मदत केली नाही. मला फक्त बोलायचं होतं.

"मग डोरले शेठचं झालं. भांड्यांचं दुकान आहे, बसस्टँडसमोर. त्याच्या पोराले वेबसाइट काढायची होती. नाव भाऊकडे. शेठ दुकानात बोलावून म्हणाला, दोन हजार घे अन् देऊन टाक. भाऊ घ्यायले तयार होता. मी मागून बोललो, चाळीस हजार."

"मग?"

"शेठ म्हणाला, माझ्या बापानं ठेवलेलं नाव, अन् त्याचं भाडं तू वसूल करतं? सारं दुकान हसलं. गिऱ्हाइकंही हसली. त्या पोरानं नावापुढे एक अक्षर जोडलं अन् दुसरं घेतलं. त्याचं शंभर रुपयांत काम झालं."

"भाऊ तुले काही बोलला?"

"नाही. सायकलवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत म्हणाला, तू बोलला ते बराबरच होतं."

भन्तेजींनी वर पाहिलं नाही. मला राग आला.

"उद्या यातली सत्तर नावं सुटतात. पुढच्या महिन्यात बाकीची. पेंटर लोकांनी वहिनीसाठी वर्गणी केली होती. वहिनीनं ते पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुझ्या भावाचं काही राहिलं असेल तर कर. ते माझ्या खिशात आहे. सगळी नावं पुढच्या वर्षापर्यंत राहतात एवढ्यात. त्याची चार वर्षांची मेहनत आहे ती. सुटू द्यायची? तुम्ही ऐकता का नाही?"

"ऐकतो."

"मग सांगा ना."

"तू घंटाभर नावांचं सांगून राहिला," भन्तेजी म्हणाले. "भाऊ कसा गेला, ते नाही सांगितलं."

...

"पडला."

"कुठून?"

"शिडीवरून."

भन्तेजींनी टोपलं खाली ठेवलं. विहाराच्या मागे गेले आणि खांद्यावर बांबूची शिडी घेऊन आले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण माकडांनी लोटलं होतं. ते कडेला लोंबत होतं. त्यांनी शिडी भिंतीला लावली, चीवर वर खोचलं आणि चढायला लागले.

"भन्तेजी, मी चढतो."

"तू बस."

तिसऱ्या पायरीवर शिडी सरकली. थोडीशीच. मी कधी उठलो, कळलं नाही. दोन्ही हातांनी शिडी धरली होती आणि खालच्या पायरीवर पाय रोवला होता.

माझ्या डोळ्यांसमोरून त्यांचे पाय वर गेले. भेगा पडलेले, म्हाताऱ्या लाइनमनचे पाय.

वरून आवाज आला.

"चांगली धरतं."

"सवय आहे."

"भाऊची तूच धरायचा?"

"हो."

"त्या दिवशी कोण होतं?"

...

मी समोरच्या पायरीकडे पाहत होतो. बांबूला काथ्या गुंडाळला होता. त्या काथ्यालाच सांगितलं.

"कोणी नाही."

वर झाकण खरडल्याचा आवाज झाला.

"सकाळी भाऊ म्हणाला, चल. राइस मिलची भिंत मिळाली आहे. बियाण्याची जाहिरात आहे, तीन दिवसांचं काम. त्याच्यात नावांचे पैसे भरून होतात. मी अंथरुणातच होतो. मी म्हणालो, तुझ्या नावांसाठी मी शिडी धरत नाही."

"अन्?"

"...म्हणालो, दोनशे अकरा जणांची नावं घेतली ना? त्यातल्या एकाले बोलव धरायले."

झाकणाचा आवाज थांबला.

"तो हसला, भन्तेजी. मले वाटलं, चिडेल. तो हसला अन् डबा घेऊन गेला. दुपारी मिलचा चौकीदार घरी आला."

मग ते एकेक पायरी उतरून खाली आले. चीवर सोडलं, हात झटकले.

"उतरलो मी, बाबू."

"हो."

"मग सोड."

माझे हात शिडीवरच होते. बोटं पांढरी पडली होती.

भन्तेजी पायरीवर जाऊन बसले. मी शिडीपाशी उभा, ते बसलेले. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"उतरलेल्या माणसाची शिडी कुठवर धरतं?" ते म्हणाले.

मी वळून ओरडलो. त्या वेळी समोर भन्तेजी आहेत, हेही मी विसरलो.

"तो उतरला नाही. तो पडला."

...

"हो," भन्तेजी म्हणाले. "पडला."

एवढंच म्हणाले. महिनाभर सगळे मला सांगत होते, तो गेला, तो सुटला, त्याचं तेवढंच होतं. पडला, असं कोणी म्हणालं नव्हतं. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. त्यांनी मला उठवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ते बसून राहिले.

मग मी विचारलं, "मी असतो तर वाचला असता ना?"

"मले माहीत नाही."

"तुम्ही तरी नाही म्हणा."

"मले माहीत नाही, बाबू. माहीत नाही ते कसं म्हणू?"

मी तोंड पुसलं. खिशातलं पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"हे कोणाचे?"

"वहिनीचे."

"घरी कोण आहे तिच्याजवळ?"

"पोरगी. चार वर्षांची."

"नावं ठेवली तर त्या दोघींले काय मिळते?"

"...भाऊचं काही तरी राहते."

"त्या नावांत भाऊचं नाव कोणतं?"

मी मनातल्या मनात यादी धरली. डोरले भांडी भांडार. शिकवणी. किराणा. चप्पलचं दुकान, सलून, पंक्चरवाला, लग्नाचा बँड. मला सगळी पाठ होती. मी शेवटापर्यंत गेलो.

मी पाकीट उचलून परत खिशात घातलं.

"ती भिंत झाली?" भन्तेजींनी विचारलं.

"अर्धवटच आहे. ठेकेदार दुसरा पेंटर शोधून राहिला."

भन्तेजी उठले. भिंतीला लावलेली शिडी काढून त्यांनी माझ्यापुढे आडवी ठेवली.

"ही घेऊन जा. हलकी आहे."

"मी कधी वर चढलो नाही, भन्तेजी. मी खालीच राहायचो."

"घेऊन जा."

मी शिडी खांद्यावर घेतली. फाटकापर्यंत गेलो आणि थांबलो. मागे वळून विचारलं, "अन् खाली कोण धरणार?"

भन्तेजींनी झाडू उचलला होता.

"मले कायले विचारतं? चढणाऱ्यानं मागायचं असते."

घरी गेलो. वहिनी धान पाखडत होती. तिच्यापुढे पाकीट ठेवलं. तिनं ते पाहिलं, मग अंगणात टेकवलेली शिडी पाहिली.

मला तीन वेळा शब्द आले नाहीत. चौथ्यांदा आले.

"वहिनी, शिडी धरता का?"

"कुठं?"

"भाऊची भिंत."

ती सुपाकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता उठून आत जाईल. मग म्हणाली, "माझ्यानं धरवेल?"

"खालच्या पायरीवर पाय रोवायचा. दोन्ही हात लावायचे. अन् वर पाहायचं नाही, रंग डोळ्यात जाते."

"त्या दिवशी तू काहून नाही गेला, ते मले माहीत आहे," वहिनी म्हणाली. "सकाळी मी चुलीपाशीच होती."

...

तिनं सूप भिंतीला टेकवलं. उद्या पोरीला ठेवून घ्या, हे सांगायला शेजारी गेली.

ठेकेदाराला फोन करून दुसऱ्या दिवशी आम्ही मिलवर गेलो. भाऊनं खडूची दोरी ताणून आखलेल्या ओळी तशाच होत्या. वरची दोन अक्षरं रंगलेली, तिसऱ्याला नुसती कड. मी चढलो. पाय थरथरत होते, शिडी थरथरत नव्हती. वहिनी एकदाही बोलली नाही आणि एकदाही हलली नाही.

दुपारी खिशातला भाऊचा फोन वाजायला लागला. नावं सुटल्याचे मेसेज होते. एक, मग दुसरा, मग थांबेनात. माझे हात हिरव्या रंगानं भरले होते. मी फोन काढला नाही.

माझी अक्षरं भाऊसारखी आली नाहीत. जवळून पाहिलं, तर कुठे त्याचा हात संपला ते कळतं.

तिसऱ्या दिवशी भिंत पूर्ण झाली. काम संपलं की पेंटर खाली उजव्या कोपऱ्यात आपलं नाव आणि फोन नंबर लिहितो, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक येतं. त्यासाठी शिडी लागत नाही. मी जमिनीवर उकिडवा बसलो, बारीक ब्रश घेतला आणि लिहिलं, सुगत पेंटर, पवनी.

नंबर लिहिला नाही.