काशव्वानं स्थळ पाहिलं

सीमेची रेघ काशव्वाच्या अंगणातनं गेली, तशी दोन्ही राज्यांचे साहेब तिच्या दारात येऊन ठाकले. "म्हातारे, आजच्या आज राज्य निवड. नाहीतर रेशन बंद!"

काशव्वा म्हणाली, "पोरगी द्यायच्या आधी आम्ही स्थळाच्या घरचं पाणी पिऊन बघतो, बाबांनो. आपापल्या नळाचं पाणी पाजा."

अंगणाच्या दोन्ही अंगांना सरकारी नळ होतेच. साहेबांनी मोठ्या रुबाबात तोट्या फिरवल्या. एकातनं पाल पडली, दुसऱ्या नळानं नुसती हवेची शिट्टी मारली. मग एका साहेबानं गाडीतली पाण्याची बाटली पुढं केली.

"उसना कोट घातलेला नवरदेव आम्हाला लांबनं कळतो," काशव्वा म्हणाली. "पाणी नसलेल्या घरात आम्ही पोर देत नाही, अन् तुम्ही अख्खी म्हातारी मागताय! ज्याच्या नळाला आधी पाणी येईल, त्यानं मागणी घालावी. तोवर रेशन बंद करणाऱ्यानं दारातच येऊ नये. नवरीला उपाशी ठेवणारं स्थळ आम्ही बघतसुद्धा नाही."