बापूसाहेबांची पंगत

वाईच्या वृंदाला एका वेडाने झपाटलं होतं. पडीक तेलघाण्याच्या जागेत शाकाहारी खानावळ काढायची आणि तिथेच गावातल्या हौशी कलाकारांना गायला, नाचायला, चित्रं मांडायला जागा द्यायची! भेटेल त्याला ती हातवारे करून सांगे, "इथे चूल, तिथे मंच!"

पण जागा होती बापूसाहेब घारपुऱ्यांची, आणि त्यांच्या शब्दापुढे गावात कुणी जात नसे. ते गुरगुरले, "जेवणाऱ्याचं लक्ष ताटात. तिथे कला कसली? एकाच बैठकीत जेवणही करील आणि कलाही रंगवील, असा एक भला माणूस दाखवा. लगेच किल्ली देतो!"

"दाखवते. उद्या जेवायलाच या," वृंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने घाणा झाडून पाट मांडले, ताटांभोवती रांगोळ्या काढल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची पंगत बसवली. वरणभातावर तूप पडलं, जिलबीचा आग्रह सुरू झाला. अशा भरल्या पंगतीत बापूसाहेब गप्प कसे बसणार? लग्नामुंजीतली सवय ती! मान ताठ करून त्यांनी खड्या, सुरेल आवाजात श्लोक म्हटला. सगळ्यांचे हात थांबले. शेवटी पंगत गरजली, "हर हर महादेव!"

बापूसाहेब खुशीत म्हणाले, "हं, वृंदाताई, कुठाय तुमचा तो माणूस?"

"त्यालाच तर जिलबी वाढतेय, बापूसाहेब!"

हशा पिकला. बापूसाहेबांनी डाव्या हाताने कनवटीची किल्ली काढून पाटाशेजारी ठेवली.

"घ्या. पण उद्घाटनाला श्लोक दुसऱ्या कुणी म्हटला, तर किल्ली परत!"