देणाऱ्याचा पत्ता

“पण पत्ता तर मी दर वेळी नवा देत होतो बाबा! मग तिचा दीर तिथवर पोचला कसा?”

सुमेध गवारे फकीर यासीनबाबांच्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, पायरीवर बसून विचारत होता. पोरगा हुशार. आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घर सोडलेल्या बायांना तो बिटकॉइनमधून मदत पाठवी. दर वेळी पैसे घ्यायला नवाकोरा पत्ता, म्हणजे खातेक्रमांकासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ. एकदा वापरला की टाकून द्यायचा. म्हणजे जुन्या पत्त्यावर डोळा ठेवून बसलेल्याच्या हाती काही लागत नाही. पद्धत चोख होती, उगाच नावं कशाला ठेवा?

तरी काल त्यांतली द्रौपदा बिटकॉइनचे रोख पैसे देणाऱ्या दुकानात गेली, तर समोर दीर उभा. बिचारी मागच्या दाराने निसटली ती थेट तकियात आली. आता आतल्या खोलीत होती.

बाबांनी सुमेधपुढे चहाची कपबशी सरकवली.

“तिचा पत्ता नवा. आणि तुझा?”

“माझा एकच. जाहीर.”

“जाहीर कशाला?”

“लोकांनी बघावं म्हणून... म्हणजे, बघून त्यांनीही द्यावं.”

“कुठं लिहिलायस?”

“माझ्या फोटोखाली...”

बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं. दिराने द्रौपदाचा नाही, त्याचा माग धरला होता. बिटकॉइनची वही सगळ्या जगाला उघडी; त्याच्या एका पत्त्यावरून पैसे कुठे गेले ते, म्हणजे तिचे सगळे नवे पत्ते दिसत होते, आणि पुढे ते दुकानही.

पोराचा चेहरा पार उतरला. मी कोपऱ्यात बसलो होतो. खरं सांगतो, जीव तुटला माझा.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “रडून घे बेटा. मन चांगलं आहे तुझं.”

डोळे पुसून सुमेध उठला. “तो पत्ता बंद करतो. पण आधी तिला भेटतो. तिनं मला कधी पाहिलेलं नाही. पैसे पाठवणारा तो मीच, असं सांगतो आणि पाय धरून माफी मागतो.”

तो आतल्या खोलीकडे वळला. पण बाबा त्याच्याआधी दाराशी पोचले. दार हळूच ओढून घेतलं, कडी लावली...

“का बाबा? माफीसुद्धा मागू नको?”

“माग की. रोज माग... फक्त कोण मागतंय, ते तिला कळू देऊ नकोस.”